अंतिम निर्णय नलिनीबाईंचा

नलिनी घाडीगावकरांना उभ्या नोकरीत कुणी 'तुमचं मत काय?' असं विचारलेलं नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. त्या विद्यार्थी विभागात लिपिक म्हणून चिकटल्या तेव्हा हे विद्यापीठ म्हणजे मरोळच्या अंगाला असलेलं एक साधं कॉलेज होतं. पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं, पत्र्याच्या शेडच्या जागी काचेची इमारत आली, टाइपरायटर भंगारात गेले. नलिनीबाई होत्या तिथेच राहिल्या, खिडकीमागच्या टेबलाशी. कागद आला की तपासायचा, कोपऱ्यात 'सादर' असं लिहून सही ठोकायची आणि वर पाठवायचा. वरचा माणूस हो म्हणे किंवा नाही म्हणे. त्यातलं हो आपलं नाही आणि नाहीसुद्धा आपलं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी नवऱ्याने 'आज जेवणाक काय करूया?' असं विचारलं तरी त्या दोन पर्याय पुढे ठेवून मोकळ्या व्हायच्या.

तोंडाने मात्र बाई फटकळ. खिडकीशी झुंबड करणाऱ्या पोरांना त्या सरळ सुनवायच्या, "काय रे, इथे फुकट वाटतायत काय? लाइन लावा, नाहीतर संध्याकाळी या." तरी पोरं बाजूची मोकळी खिडकी सोडून त्यांच्याच खिडकीशी यायची. कागद हातात घेण्याआधी त्या एकदा समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या, एवढंच त्याचं कारण असावं. हल्लीच्या दिवसांत तेवढंसुद्धा कोण करतं?

गेल्या वर्षी विद्यापीठाने एआयचं मनावर घेतलं. आमच्या संस्थांचं मनावर घेणं म्हणजे कॅन्टीनपासून लिफ्टपर्यंत पोस्टर लागणं, तशी ती लागलीच. 'एआय वापरा, जबाबदारीने वापरा.' प्राध्यापकांसाठी नियम झाले. विद्यार्थ्यांसाठी नियम झाले, की मशीनची मदत घेतली तर घेतली असं प्रामाणिकपणे लिहायचं. शिपायांपासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना प्रशिक्षण झालं, त्यात समोसे चांगले होते. पण हे सगळं निव्वळ दिखाव्याचं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. या कामासाठी नेमलेल्या इरावती मॅडम वयाने लहान, शिकलेल्या आणि खरोखर तळमळीच्या होत्या. माणसाच्या आयुष्याचे निर्णय मशीनच्या हाती पडू नयेत, हे त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून त्यांनी एक नियम विद्यापीठाच्या एआय समितीशी भांडून मंजूर करून घेतला होता. मशीन फक्त शिफारस करील, अंतिम निर्णय माणसाचा.

सुरुवात करायची ठरली ती हजेरीच्या अर्जांपासून. ज्यांची हजेरी कमी भरते ती मुलं परीक्षेला बसू देण्यासाठी अर्ज करतात, त्यात गैरहजेरीची कारणं लिहितात. हे अर्ज आधी 'साथी' नावाचं सॉफ्टवेअर वाचणार, मान्य की अमान्य ते सुचवणार, आणि मग एक माणूस त्यावर शेवटचा शिक्का मारणार. तो माणूस म्हणून इरावती मॅडमनी नलिनीबाईंचं नाव दिलं.

"मी?" नलिनीबाईंनी मागे वळून बघितलं. मागे फक्त कपाट होतं.

"तुमच्याइतकी मुलं कुणी बघितलीयत, नलिनीताई?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्क्रीनवर सगळं नीट समजावून दिलं. अर्जाखाली तीन बटणं होती. सहमत, असहमत आणि परत पाठवा. सहमत असाल तर एक क्लिक पुरे. असहमत असाल तर कारण लिहायचं. अर्जात काही राहून गेलं असेल तर विद्यार्थ्याकडे परत. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'अंतिम निर्णय: नलिनी घाडीगावकर'.

नलिनीबाईंनी आपलं नाव वाचलं आणि त्यांना ते पत्राखालच्या 'आपला नम्र' सारखं वाटलं. लिहायची पद्धत असते म्हणून लिहितात. तसं खरंच नम्र कोण असतं!

संध्याकाळी आरेतून जाणाऱ्या बसने त्या दिंडोशीला घरी पोचल्या आणि चहा पिता पिता त्यांनी सगळा प्रकार नवऱ्याला सांगितला. राजेश घाडीगावकर जोगेश्वरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मशीन म्हटलं की त्यांचे कान टवकारायचे.

"म्हणजे मशीन चुकला तर चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"आणि बरोबर इला तर?"

"तर मशीनची. हुशार म्हणायचं त्याला."

"मगे तुझ्यापेक्षा मशीनच बरा," राजेश म्हणाले आणि टीव्हीकडे वळले.

नलिनीबाईंना राग आला. खरं सांगायचं तर त्यांना आपलं काम काय तेच कळलेलं नव्हतं. मशीनला समजतं तर मी कशाला? आणि मला समजतं तर मशीन कशाला? हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारायचा ठरवला होता, पण विचारला नाही. इतक्या मोठ्या लोकांनी इतक्या बैठका घेऊन ठरवलंय, तर आपल्यालाच काहीतरी कळत नसणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पहिल्या खेपेला आलेल्या सगळ्या अर्जांवर त्यांनी 'सहमत' दाबलं. भराभर दाबलं. टेबल रिकामं, एकही काम बाकी नाही. त्यांना वाटलं आता शाबासकी मिळेल. मिळालं ते बोलावणं.

"नलिनीताई, तुम्ही साथीशी सगळीकडे सहमत आहात," इरावती मॅडम म्हणाल्या. त्यांच्या स्क्रीनवर एक हिरवा गोल पूर्ण भरलेला होता. "अशाने माणूस ठेवण्यात काय अर्थ? तुम्ही स्वतः बघायला हवं."

"बघितलं ना मॅडम."

"आणि सगळंच पटलं?"

नलिनीबाई गोंधळल्या. मॅडमना काय हवंय ते एकदा कळलं असतं तर त्यांनी तेवढं अगदी नेटकं करून दिलं असतं. त्यांनी चाचरत विचारलं, "म्हणजे साधारण किती टक्के विरोध करायचा असतो?"

मॅडम हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीयेत, आणि हसू ओसरलं. "तसं काही ठरवलेलं नसतं हो," त्या म्हणाल्या. "जिथे तुम्हाला पटणार नाही तिथे."

आता आली का पंचाईत! पटणं आणि न पटणं हे घरी, बाजारात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नलिनीबाईंना भरपूर यायचं. ऑफिसच्या कामात ते कुठे ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. सहमत दाबलं तर मॅडम नाराज. असहमत दाबावं तर खाली कारण लिहायचं, तेही स्वतःच्या नावाने, आणि उद्या कुणी जाब विचारला तर? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मग त्यांना तिसऱ्या बटणाने हात दिला. परत पाठवा! हे मात्र त्यांच्या हाडामांसाचं काम होतं. शंका आली की त्रुटी काढायची, 'फेरसादर करावे' असा शेरा मारायचा आणि कागद आला तिकडे रवाना करायचा. 'हो' म्हणणं नाही, 'नाही' म्हणणं नाही, आणि कुणाचं बोलणंही नाही. सरकारी म्हणा, निमसरकारी म्हणा, आपल्याकडचा अर्धा कारभार याच बटणावर चालत आला आहे.

परीक्षा तोंडावर आली त्या सुमारास श्रुतिकाचा अर्ज आला. श्रुतिका वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. अर्ज छान गुळगुळीत होता. 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे व अपरिहार्य परिस्थितीमुळे मी सकाळच्या तासिकांना नियमितपणे उपस्थित राहू शकले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली तिने प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, एआयची मदत घेतली आहे. साथीने तो वाचून शेरा दिला होता, अमान्य, कारण मोघम आहे. एका मशीनने लिहिलेलं दुसऱ्या मशीनला मोघम वाटलं, यात कोणाला काय बोलायचं?

नलिनीबाईंनी अर्ज परत पाठवला आणि मुलगी दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन उभी राहिली. रडवेली झालेली, पण रडत नव्हती.

"मॅडम, वर्ष जाईल ना माझं. हे शेवटचं सेमिस्टर आहे. एका ठिकाणी नोकरीचं पण पक्कं झालंय, रिझल्ट लागला की जॉइन व्हायचंय."

"मग सकाळी यायला काय झालं होतं?"

मग तिने सांगितलं. आई मंजुळा अंधेरीच्या बाजारात मासे विकते. दिवाळीनंतर बंदरावर पाय घसरून पडली आणि उजवा हात मोडला. बाजारात बसायची जागा आजीपासून चालत आलेली, पण ती कागदावर कुणाच्या नावाची नसते. रोज जो बसतो त्याची ती जागा. चार दिवस रिकामी राहिली तर बाजूच्या कोळणीची पाटी आत सरकते, महिनाभर राहिली तर विसरायचं. म्हणून श्रुतिका पहाटे बंदरावर लिलावाला जाते, माल घेते आणि दुपारपर्यंत आईच्या जागेवर बसते.

"मग डॉक्टरचा कागद जोड की गं! हात मोडलाय ना आईचा?"

"डॉक्टरकडे नाही गेलो मॅडम. आमच्यात हाडवैद्याकडे जातात. तो पाला बांधतो. कागद कुठला देणार?"

नलिनीबाईंनी तिच्या हातांकडे बघितलं. बोटांवर बारीक चिरा होत्या, काही ताज्या, काही वाळलेल्या. एवढं बघून त्यांचं काम झालं होतं. त्यांना ते पटलं होतं, आतून, पूर्णपणे पटलं होतं. दुसरं कोणी असतं तर तिथेच 'असहमत' दाबून मोकळं झालं असतं. नलिनीबाई म्हणाल्या, "हेच तुझ्या शब्दांत लिही. मशीनकडून लिहून घेऊ नकोस."

श्रुतिकाने लिहिलं. जागेचं लिहिलं, लिलावाचं लिहिलं. साथीने उत्तर दिलं, अमान्य. कमाईसाठी केलेलं काम हे गैरहजेरीचं ग्राह्य कारण नाही.

आणि इथे नलिनीबाईंच्या रक्तातली घाडीगावकरी जागी झाली.

घाडी म्हणजे कोकणातल्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालणारा मानकरी. नलिनीबाईंचं माहेर घाड्यांचंच. वडील वर्षभर मुंबईत गिरणीत राबायचे आणि जत्रेला गावी गेले की देवाला कौल लावायचे. देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लहानगी नलिनी बायकांबरोबर सभामंडपाच्या बाहेर खांबाला टेकून बघायची. एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या प्रश्नाला सारखा नकार येत होता. वडील जरा थांबले, पुन्हा पाकळ्या लावल्या आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. होकार आला. परतताना तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "देव चुकणा नाय गो. आपणच उलटा इचारतव."

मशीनला देव मानण्याइतक्या नलिनीबाई भोळ्या नव्हत्या. पण कुणीतरी आत बसलंय, ते का हो म्हणतं आणि का नाही म्हणतं ते कळत नाही, आणि त्याच्या नकाराला ओलांडून पुढे जायचं नसतं, एवढं त्यांना ओळखीचं होतं. ओलांडायचं नसतं, पण पुन्हा विचारता येतं. त्यांनी श्रुतिकाला खिडकीशी बोलावून घेतलं.

"आईला जेवण कोण भरवतं?"

"मीच. उजवा हात आहे ना. अंघोळ, केस, सगळं मीच करते."

"मग ते लिही. आधी ते लिही, बाजाराचं मागून."

अर्जात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त आधीचं मागे आणि मागचं पुढे झालं होतं. साथीने उत्तर दिलं, मान्य. आजारी पालकाची शुश्रूषा.

नलिनीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी बाजूच्या टेबलावरच्या कारकुनाला स्वतःच्या डब्यातली सोलकढी दिली. 'सहमत' दाबताना त्यांचा ऊर भरून आला. मुलीचं काम झालं, मशीनचा मान राहिला, मॅडमचा नियम राहिला आणि आपण कुणाला दुखावलं नाही. यापेक्षा झकास काय असतं?

चव चाखली की हात थांबत नाही. अमान्य झालेले बाकीचे अर्जही नलिनीबाईंनी एकेक करून परत पाठवायला घेतले. कुणाला सांगितलं 'दुकान' लिहू नकोस, कुणाला सांगितलं 'घरची अडचण' ऐवजी अडचण काय ती लिही, कुणाला नुसतं वाक्य उलटं करायला लावलं. साथीला काय रुचतं आणि काय रुचत नाही, याचा त्यांना थोडाफार अंदाज यायला लागला होता, आणि मधूनच तो साफ चुकायचा. एकच मजकूर सकाळी अमान्य आणि जेवणानंतर मान्य व्हायचा. असं झालं की त्या बुचकळ्यात पडायच्या. यातलं खरं कुठलं? पण मान्य आलं की तेच खरं, असं धरून त्या पुढे जायच्या. यात कृणाल नावाचा एक मुलगाही आला. तो आजीच्या आजारपणाचं कारण घेऊन आला होता, आणि ते सांगताना त्याची नजर नोटीस बोर्डावर होती. नलिनीबाईंना ते दिसलं. तरी त्याचाही अर्ज त्यांनी घासूनपुसून मान्य करून घेतला. आपण कुठे हो म्हणतोय? म्हणणारं म्हणतंय.

परीक्षेला दोनतीन दिवस उरले आणि इरावती मॅडमचं बोलावणं आलं. या वेळी त्यांनी बसायलाही सांगितलं नाही, म्हणजे विसरल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नलिनीताई, हे काय आहे? एकेक अर्ज चारचार वेळा जातोय. हो म्हणेपर्यंत तुम्ही विचारत राहिलात?"

"हो," नलिनीबाई म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "नाही म्हटलं तर परत विचारायचंच ना? प्रश्न चुकला असेल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं. समितीच्या एका सदस्याने ही नोंद बघितली. शब्द फिरवल्यावर साथी उत्तर बदलतो, हा दोष आमचाच, त्याचं आम्ही बघू. पण तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत, आणि काही मुलांना ही सवलत मिळाली, काहींना नाही. म्हणून फेरसादर झालेले सगळे अर्ज गोठवले आहेत. बैठक पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत साथीची पहिली शिफारस कायम.

"पहिली म्हणजे?"

"अमान्य."

"पण परीक्षा तर शुक्रवारी!"

"म्हणून तर बोलावलं."

नलिनीबाईंना आठवली ती श्रुतिका. तिला हॉल तिकीट मिळणार म्हणून आपण स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पोरीने नोकरीच्या ठिकाणी कळवलंही असेल. भलं करायला गेलो आणि मुलीची वाट लावून बसलो!

"मॅडम, मला काय ती शिक्षा करा, पण त्या मुलीचं..."

"एक विचारू?" इरावती मॅडमनी त्यांना मधेच थांबवलं. "तुम्हाला तिचं म्हणणं पटलं होतं ना?"

"शंभर टक्के."

"मग असहमत का नाही दाबलंत? पहिल्याच दिवशी? एक वाक्य लिहायचं होतं. साथीने काहीही म्हटलं असतं तरी मुलगी परीक्षेला बसली असती."

"ते बटण खरंच माझं होतं?" नलिनीबाईंनी विचारलं.

इरावती मॅडमनी हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, पोस्टरवर छापलं होतं, स्क्रीनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. यापेक्षा आणखी कसं सांगायचं असतं, ते त्यांना कळेना. दोन शहाण्या बायका एका खोलीत एकमेकींकडे बघत होत्या आणि दोघींचंही डोकं चालत नव्हतं.

"फेरअर्ज गोठवलेत," शेवटी मॅडम म्हणाल्या. "पहिले अर्ज अजून उघडे आहेत. त्यांच्यावर तुमचा निर्णय कधी झालाच नाही, तुम्ही ते नुसते परत पाठवले. तुमचा अधिकार समितीने अजून काढलेला नाही, आणि मी तरी आज काढणार नाही. हॉल तिकिटाचं पोर्टल आज ऑफिस सुटताना बंद होईल."

नलिनीबाई जागेवर येऊन बसल्या. त्यांनी श्रुतिकाचा पहिला, मोघम अर्ज उघडला. खाली तीन बटणं होती. त्यांनी आयुष्यात प्रथमच मधल्या बटणावर बोट ठेवलं आणि ते काढलं. पुन्हा ठेवलं. दाबलं. कारणाचा चौकोन उघडला.

हात सवयीने चालला आणि त्यांनी लिहिलं, 'आदेशानुसार'. मग त्यांनाच प्रश्न पडला, कुणाच्या? खोडलं. 'साथीच्या नंतरच्या शिफारशीनुसार' असं लिहिलं, तेही खोडलं, ती शिफारस तर गोठवलेली होती. मागे बघितलं तर कपाट. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मी या मुलीशी समोरासमोर बोलले. आईचा हात मोडला आहे आणि बाजारातली जागा राखण्यासाठी ही मुलगी सकाळी तिथे बसते. कागद नाही. मला हे खरं वाटतं.' शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या वेळा वाचलं की त्याचा अर्थच नाहीसा झाला. मग त्यांनी डोळे मिटून एंटर मारलं.

काही झालं नाही. दिवे गेले नाहीत, मशीन बोललं नाही. स्क्रीनवर 'मान्य' आलं, बस्स.

बाकीचे अर्ज त्यांनी त्याच घामाघूम अवस्थेत एकेक करून उघडले. बऱ्याच जणांना त्यांनी स्वतःच्या नावाने हो म्हटलं. कृणालचा अर्ज आला तेव्हा त्या अडल्या. मशीनकडून याच्यासाठी होकार मिळवताना आपल्याला काही वाटलं नव्हतं, मग आता का वाटतंय? 'मला हे खरं वाटतं' असं लिहायला त्यांनी दोनदा सुरुवात केली, पण हात पुढे जाईना. त्यांनी त्याला फोन करून बोलावलं आणि सरळ विचारलं, "आजी कशी आहे रे?" तो खाली बघून म्हणाला, "बरीय." कुठल्या हॉस्पिटलात होती ते विचारल्यावर तो गप्पच राहिला. त्यांनी 'सहमत' दाबलं, म्हणजे अमान्य. मुलगा गेला तरी त्याचे खाली घातलेले डोळे त्यांच्यापुढून जाईनात. तो खोटं बोलत होता की नुसता घाबरला होता? नुसत्या मशीनच्या नावावर अमान्य झालं असतं तर त्या जेवल्या असत्या. आज डबा तसाच राहिला.

ऑफिस सुटायच्या बेताला श्रुतिका धापा टाकत आली. तिला मैत्रिणींकडून कळलं होतं की सगळं रद्द झालं. नलिनीबाईंनी छापलेलं हॉल तिकीट खिडकीतून पुढे केलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, नाव वाचलं, फोटो बघितला.

"म्हणजे मशीनने पुन्हा हो म्हटलं?"

"नाही. मशीन नाहीच म्हणतंय. मी म्हटलंय हो."

नलिनीबाईंना वाटलं होतं मुलगी खूश होईल, निदान थँक्यू म्हणेल. मुलीचा चेहरा उतरला. तिने तिकीट उलटं करून बघितलं, जसं काही मागे आणखी कुणाची सही असणार होती.

"पण मॅडम, तुम्ही म्हटलेलं चालतं का? परीक्षेच्या दारात अडवलं तर? प्लीज ना, एकदा मशीनकडून पण करून घ्या ना."

हे ऐकून नलिनीबाईंना वाईट वाटलं आणि रागही आला. तीसेक वर्षांत पहिल्यांदा बाईने स्वतःच्या जिवावर काही केलं, आणि ज्या मुलीसाठी केलं तिलाच ते पुरेसं वाटेना. त्या ओरडणारच होत्या. पण पोरीचं काय चुकत होतं? अर्ध्या दिवसापूर्वी त्यांचा स्वतःचा तरी कुठे विश्वास होता? त्यांनी तिकीट परत मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपला मोबाईल नंबर लिहिला.

"अडवलं तर मला फोन कर. मी येईन तिथे."

"येऊन काय सांगाल?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही गं," नलिनीबाई म्हणाल्या. "पण येईन."

श्रुतिकाने तिथेच उभं राहून तो नंबर लावून बघितला. खिडकीच्या आत, टेबलाखालच्या पर्समध्ये फोन वाजला. तो दोनदा वाजू दिल्यावर तिने कट केला, तिकीट नीट घडी करून ओढणीच्या टोकात बांधलं आणि मग ती थँक्यू म्हणाली.